करनोंदी जोडून निवृत्तीच्या बचतीचा अभ्यास: सातारा-सांगलीतल्या अभ्यासकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'नोंदी जोडणे' म्हणजे नेमके काय करायचे?

पगारदार माणसाच्या म्हातारपणाच्या पैशाचा माग एका कागदावर कधीच सापडत नाही. पगार आणि कपात मालकाने दिलेल्या फॉर्म १६ वर असते, फंड कामगार भविष्य निधीच्या, म्हणजे ईपीएफच्या पासबुकात असतो, एनपीएस ही पेन्शन योजना असेल तर तिचे विवरण तिसरीकडे. बँकेचे व्याज आणि म्युच्युअल फंडातली खरेदी वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. या सगळ्यातले करापुरते कामाचे आकडे तेवढे आयकर रिटर्नमध्ये जातात. हे कागद एकाच माणसाचे आहेत याची खात्री करून दर माणशी, दर वर्षाला एक ओळ तयार करणे म्हणजे नोंदी जोडणे.

एवढा खटाटोप कशाला? प्रश्नावली भरून घेतली तर चालणार नाही का?

चालते, पण आकडे कच्चे येतात. कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराला "फंड किती कापतो?" असे विचारले तर तो पगार स्लिपवरचा आकडा सांगतो. मालकाचा वाटा सांगत नाही, कारण तो पैसा त्याच्या हातात कधी येतच नाही. शिक्षकांना एनपीएसची कपात पाठ असते, शिल्लक बहुधा माहीत नसते. शब्दांचाही घोळ आहे. आपल्याकडे 'फंड' म्हणजे पीएफ, पण सरकारी नोकरांच्या जीपीएफलाही फंडच म्हणतात. 'सोसायटी' म्हणजे एकासाठी सेवकांची पतसंस्था आणि दुसऱ्यासाठी गावची विकास सोसायटी. पहिलीत बचत साठते, दुसरीत पीककर्ज असते.

तरी प्रश्नावली टाकून देऊ नका. सोने, घर, शेत, मुलांवरचा भरवसा या गोष्टी कुठल्याच करनोंदीत येत नाहीत, त्या विचारूनच कळतात.

आयकर विभाग संशोधकांना या नोंदी देतो का?

एकेका माणसाच्या नोंदी देत नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम १३८ करदात्याची माहिती कोणाला आणि कधी देता येते ते ठरवत होते. कॉलेजातल्या अभ्यासकाचा अर्ज त्यात बसत नव्हता. माहिती अधिकाराचा मार्गही बंद आहे: रिटर्न ही वैयक्तिक माहिती असून व्यापक लोकहित असल्याशिवाय ती उघड करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. विभाग २०१६ पासून उत्पन्नाच्या गटांनुसार एकत्रित आकडेवारी प्रसिद्ध करतो. पार्श्वभूमी लिहायला ती चांगली आहे, पण वाळवा किंवा कोरेगाव तालुक्यातला कामगार त्यात वेगळा काढता येत नाही.

म्हणून आपल्यापुढे एकच रस्ता उरतो. करदात्याने स्वतःच्या नोंदी स्वतः उतरवून घ्यायच्या आणि लेखी संमतीने अभ्यासाला द्यायच्या. पुढची सगळी उत्तरे याच रस्त्याबद्दल आहेत.

मग परदेशातले मोठे अभ्यास कसे होतात?

तिथे जोडणी सरकारी यंत्रणेतच झालेली असते. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक आहे, आणि मालक, बँका, पेन्शन संस्था त्या क्रमांकावर थेट कर खात्याला कळवतात. १९९५ ते २००९ या काळातल्या तिथल्या सुमारे ४.१ कोटी नोंदींवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ८५ टक्के लोक निवृत्तीच्या बचतीवरची करसवलत बदलली तरी हातपाय हलवत नाहीत, आपोआप कापले जाते तेवढेच त्यांचे साठते, असे त्यातून दिसले. सरकारने सवलतीवर घातलेल्या प्रत्येक १०० क्रोनरमागे एकूण बचत जेमतेम १ क्रोनरने वाढली. अमेरिकेत पगाराच्या डब्ल्यू-२ फॉर्मवर १२ व्या चौकटीत 'डी' या खुणेपुढे ४०१(के) या निवृत्ती खात्यात गेलेली रक्कम छापलेली असते, त्यामुळे बचत थेट पगाराच्या कागदावरच वाचता येते.

आपल्या फॉर्म १६ मध्ये अशी स्वतंत्र चौकट नाही. अभ्यासाची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

कोणते कागद मागायचे, आणि कधी?

दर माणशी किमान तीन आर्थिक वर्षांचे, जमल्यास पाच वर्षांचे:

फॉर्म १६ चे दोन्ही भाग; २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचे विवरण; एआयएस; भरलेल्या रिटर्नची पूर्ण प्रत (नुसती पोचपावती नको, तिच्यात वजावटींची फोड नसते); ईपीएफ पासबुक किंवा एनपीएसचे व्यवहार विवरण किंवा जीपीएफची वार्षिक चिठ्ठी; आणि मार्चची पगार स्लिप. मार्चची अशासाठी, की तिच्यावर बहुतेक ठिकाणी वर्षभराच्या कपातीची बेरीज असते.

जूनच्या आधी मागू नका. शेवटच्या तिमाहीचा पगारावरचा टीडीएस मालकाने ३१ मेपर्यंत कळवायचा असतो आणि फॉर्म १६ साठी १५ जूनची मुदत असते. मे महिन्यात उतरवलेल्या २६एएसमध्ये शेवटचे तीन महिने रिकामे दिसतात आणि पगार अचानक कमी झाल्यासारखा वाटतो. जुलैच्या सुरुवातीला मागितलेले बरे.

एआयएसची पीडीएफ उघडत नाही अशी तक्रार हमखास येते. तिचा पासवर्ड पॅन लहान अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख आठ अंकांत, मध्ये जागा न सोडता. २६एएसला नुसती जन्मतारीख. कुलूप काढलेली प्रतच मागा, म्हणजे पासवर्डच्या निमित्ताने जन्मतारखा व्हॉट्सॲपवर फिरणार नाहीत.

ज्या कारखान्याचा किंवा कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे, तिथले पासबुक ईपीएफओच्या साइटवर मिळत नाही. अशा कामगाराकडून ट्रस्टची वार्षिक चिठ्ठी घ्यावी लागते.

रिटर्नमध्ये ८०सीचा, म्हणजे बचत आणि काही खर्चांवरच्या वजावटीचा आकडा आहे. तोच निवृत्तीची बचत म्हणून धरला तर?

धरू नका. हाताशी आयता आकडा असतो म्हणून सगळ्यात जास्त प्रबंध इथेच घसरतात. रिटर्नमध्ये दिसते ती मागितलेली सवलत. बचत ही वेगळी गोष्ट आहे.

उदाहरणाचा आकडा घेऊ. एका कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना २८,००० रुपये. त्याची १२ टक्के कपात ३,३६० रुपये, वर्षाला ४०,३२०. त्याने एलआयसीचा हप्ता २४,००० भरला, मुलांची शाळेची फी ६०,००० आणि घरकर्जाचे मुद्दल ४८,००० फेडले. ८०सीची बेरीज १,७२,३२० होते आणि रिटर्नमध्ये १,५०,००० लिहिले जाते, कारण २०१४-१५ पासून मर्यादाच तेवढी आहे.

आता पासबुक उघडा. मालकाचे ३,३६० रुपये आहेत. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, कारण ८.३३ टक्के हिशोब १५,००० च्या कमाल वेतनावर होतो. उरलेले २,११० फंडात. म्हणजे फंडात वर्षाला कामगाराचे ४०,३२० आणि मालकाचे २५,३२०, एकूण ६५,६४० रुपये जमा झाले, शिवाय पेन्शन योजनेत १५,०००. रिटर्न म्हणते दीड लाख, फंडात पडले ६५,६४०. मालकाचा २५,३२० चा वाटा तर रिटर्नमध्ये मुळीच नाही, कारण तो पगारात धरलाच जात नाही.

उलटही होते. ज्याची फंडाची कपातच १,८०,००० आहे, त्याच्याही रिटर्नमध्ये १,५०,००० च दिसतात. वरचे ३०,००० नाहीसे. दीड लाखावर जमलेली गर्दी बघून 'लोक मर्यादेइतकी बचत करतात' असा निष्कर्ष काढू नका. ती गर्दी बऱ्याच अंशी छापील मर्यादेने तयार केलेली आहे.

कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून रिटर्नमध्ये ८०सीची बाबवार माहिती मागितली जाऊ लागली. त्या वर्षापासून फी आणि घरकर्ज वेगळे काढणे सोपे झाले. त्याआधीच्या वर्षांसाठी फॉर्म १६ चा भाग ब आणि पासबुक हेच आधार.

१५,००० पेक्षा जास्त पगार असलेल्या नव्या कामगारांच्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य का दिसतो?

१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेला आणि सुरुवातीलाच १५,००० च्या वर पगार असलेला कामगार पेन्शन योजनेत येत नाही. त्याच्या मालकाचे पूर्ण १२ टक्के फंडात जातात. ही चूक नाही, दुरुस्त करू नका.

पेन्शनच्या रकान्यातली रक्कम शिल्लक म्हणून बेरजेत घेऊ नका. पेन्शन त्या रकमेवर ठरत नाही. पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे सूत्र आहे. तो हक्क आहे, ठेव नाही. त्याचा रकाना वेगळा ठेवा.

शिक्षक आणि कारखाना कामगार यांची तुलना करताना पगार जुळत नाही. का?

कारण फॉर्म १६ दोघांचा पगार वेगळ्या रीतीने मोजतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाचा एनपीएसमधला सरकारी वाटा आधी त्याच्या एकूण पगारात मिळवला जातो आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा होतो. कामगाराच्या फंडातला मालकाचा वाटा ठरावीक मर्यादेपर्यंत पगारात येतच नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्ता ७०,००० असलेल्या शिक्षकाची स्वतःची १० टक्के कपात वर्षाला ८४,००० आणि सरकारचे १४ टक्के १,१७,६०० रुपये. एवढ्या १,१७,६०० नी त्याचा पगार कागदावर फुगलेला असतो. तुलनेआधी तो वजा करा, नाहीतर बचतीचे पगाराशी प्रमाण चुकते.

२००५ च्या आधी लागलेल्यांना जीपीएफ. त्यांच्या खात्यात २०१९-२० पासून काही वर्षे मोठ्या जमा रकमा दिसतात, त्या सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते. सरकारनेच ते फंडात टाकले. त्या वर्षी मास्तरांनी काटकसर केली असे समजू नका. तसेच डीसीपीएसची (शिक्षकांच्या आधीच्या अंशदायी पेन्शन योजनेची) जुनी रक्कम एनपीएसच्या प्रान खात्यात एकदम वर्ग झालेली असेल, तर ती ज्या वर्षी कापली गेली त्या वर्षांत वाटून दाखवा.

नव्या करप्रणालीमुळे बचत शून्य दिसते. हे खरे मानायचे का?

नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही न सांगता लागू होणारी प्रणाली झाली. तिच्यात ८०सी नाही, त्यामुळे फंड महिन्याला कापला जात असला तरी फॉर्म १६ मध्ये त्या जागी शून्य येते. सरकारी वाटा ८०सीसीडी(२) मध्ये टिकून राहतो. मग शिक्षकाच्या कागदावर सरकारचे १४ टक्के दिसतात आणि त्याचे स्वतःचे १० टक्के नाहीसे झालेले असतात.

नुसत्या रिटर्नवर केलेला अभ्यास २०२३-२४ मध्ये बचत कोसळली असे सांगेल. पासबुक जोडलेला अभ्यास सांगेल की फंड तसाच चालू आहे, कमी झाले असेल तर पीपीएफ, एलआयसी आणि एनपीएसमधले ऐच्छिक ५०,००० यांत. या दोन उत्तरांतला फरक दाखवण्यासाठीच एवढे कागद गोळा करायचे.

कोणत्या क्रमांकावर जोडायचे?

पॅन हा मुख्य दुवा. फॉर्म १६, २६एएस, एआयएस आणि रिटर्न चारही त्यावर चालतात. दहा जागा असतात: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. चौथे अक्षर 'पी' असले तर व्यक्ती, 'एच' असले तर हिंदू अविभक्त कुटुंब. एकत्र कुटुंबातून कागद घेताना अशा अविभक्त कुटुंबाचे रिटर्न चुकून आत येते, म्हणून चौथे अक्षर पहिल्यांदा तपासा.

यूएएन (ईपीएफमधला कायमचा क्रमांक), प्रान (एनपीएसमधला क्रमांक) आणि आधार तिन्ही बारा अंकी. अर्ज भरताना लोक हमखास एकाच्या जागी दुसरा लिहितात. आधार ० किंवा १ ने सुरू होत नाही, तेवढ्यावरूनच बरेच घोळ पकडता येतात. मुळात आधार मागूच नका, त्याची गरज कुठे पडत नाही.

आणि एक्सेल. बारा अंकी क्रमांक साध्या रकान्यात टाकला की तो १.०१ई+११ असा दिसतो. तीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की मागचे अंक कायमचे जातात आणि दोनशे माणसांचा यूएएन एकसारखा होतो. क्रमांक टाकण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करा, आणि मूळ फाइलची एक प्रत कोणी हात लावणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

क्रमांक नसेल तर नाव आणि जन्मतारखेवर जोडता येईल का?

आपल्या दोन जिल्ह्यांत तरी नाही. पाटील, जाधव, शिंदे, माने, पवार, मोरे यांच्यातच अर्धी यादी संपते. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. शाळेच्या दाखल्यावर 'बापू', पॅनवर 'बापूसो', पासबुकात 'बापूसाहेब'. इंग्रजी स्पेलिंग तर कारकुनाच्या हातावर अवलंबून. लग्नानंतर पॅनवरचे नाव बदललेले आणि फंडात माहेरचेच राहिलेले, हे बाईंच्या कागदांत नेहमीच सापडते.

जन्मतारखेचा आधार तर त्याहून कमकुवत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली कितीतरी माणसे आज नोकरीत आहेत. म्हणून तर ३१ मेला एकेका शाळेत दोन-दोन, तीन-तीन निरोप समारंभ होतात. सुनील पाटील, १ जून १९६८ एवढ्यावर जोडणी केली तर एकाचा पगार आणि दुसऱ्याचा फंड एका ओळीत बसेल, आणि ओळ इतकी साधी दिसेल की कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पॅन नसलेली नोंद जोडू नका, वेगळी ठेवा आणि किती होत्या ते लिहा.

पॅनचा हॅश, म्हणजे गणिती सूत्राने बदललेले रूप, करून ठेवला की माहिती सुरक्षित झाली ना?

नुसत्या हॅशने होत नाही. व्यक्तीच्या पॅनच्या शक्य तेवढ्या सगळ्या जोड्या मोजल्या तर त्या सुमारे ११,८८१ कोटी भरतात. आकडा मोठा वाटतो, पण चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला त्या सगळ्यांचे हॅश काढून ताडून पाहायला काही मिनिटे पुरतात. फाइल चोरणाऱ्याला मूळ पॅन परत मिळतो.

गुप्त किल्ली घालून हॅश करा. त्याला एचमॅक म्हणतात, आर आणि पायथन या दोन्ही संगणक भाषांत ते तयार मिळते. किल्ली अभ्यासकाकडे नको. विभागप्रमुख किंवा नीतिसमितीचे सचिव यांच्याकडे बंद पाकिटात किंवा वेगळ्या यंत्रावर ठेवा. नाव, मोबाइल, पॅन यांची एक फाइल, आकड्यांची दुसरी, दोन्ही एका पेनड्राइव्हवर कधीच नको.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सूट आहे. त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळले जावेत, ही त्या सुटीची अट. तरीही मराठीतले संमतिपत्र दोन प्रतींत घ्या आणि एक प्रत देणाऱ्याकडे राहू द्या.

वर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. काय चुकते?

दोन गोष्टी. रिटर्नवर कर निर्धारण वर्ष असते आणि पासबुकात आर्थिक वर्ष. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४. फाइलच्या नावावरून जोडले की सगळा फंड एक वर्ष पुढे सरकतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात 'कर वर्ष' हा एकच शब्द आहे, पण तुमच्या जुन्या नोंदींना त्याचा उपयोग नाही. रकान्यात '३१ मार्च २०२४ ला संपणारे वर्ष' असेच लिहा. कलमांचे क्रमांकही नव्या कायद्यात बदलले आहेत, तेव्हा रकान्यांना कलमाचे नव्हे तर बाबीचे नाव द्या.

दुसरी गोष्ट महिन्याची. मार्चच्या पगाराचा फंड एप्रिलमध्ये, १५ तारखेपर्यंत भरला जातो. फॉर्म १६ एप्रिल ते मार्च पगार धरतो. पासबुक जमा तारखेने वाचले तर एक महिना इकडचा तिकडे होतो. पासबुकात वेतनाचा महिना छापलेला असतो, त्यावरून बेरीज करा. व्याज मात्र वर्ष संपल्यावर बऱ्याच उशिराने चढते, म्हणून ३१ मार्चची शिल्लक माणसामाणसांत ताडू नका, जमा रकमा ताडा.

नोकरी बदललेल्याच्या पासबुकात जुन्या खात्यातून आलेली रक्कम एका ओळीत येते. ती त्या वर्षाची बचत नाही. एका यूएएनखाली दोन-तीन सभासद खाती असतात, ती सगळी उघडल्याशिवाय बेरीज पूर्ण होत नाही.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराचे काय?

त्याच्या पासबुकात गाळपाचे महिने भरलेले आणि पुढचे महिने कमी किंवा रिकामे दिसतात. कपात थांबली म्हणजे नोकरी सुटली असे लगेच मांडू नका. बिगरहंगामात कारखाना काही कामगारांना सेवेत राखण्यासाठी भत्ता देतो, आणि फंडाच्या कायद्यात त्या भत्त्यावरही फंड कापायची तरतूद आहे. म्हणून उन्हाळ्यातली कपात लहान असते, शून्य असतेच असे नाही. त्याची बचत महिन्यावर न मोजता हंगामावर मोजा, आणि एकूण वार्षिक आकड्याशी ताडा. ऊस तोडणारे कामगार बहुधा मुकादमामार्फत येतात, त्यांची यातली एकही नोंद तयार होत नाही. त्यांच्याबद्दल या पद्धतीने काही सांगता येणार नाही आणि अहवालात तसे स्पष्ट लिहायला हवे.

पासबुकात वर्षानुवर्षे २१,६०० चा आकडा येतो. टायपिंगची चूक आहे का?

नाही. १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८००, गुणिले १२ महिने. मालकाने फंड कायद्याच्या कमाल वेतनावरच बांधला आहे. अशा माणसाचा पगार वाढला तरी फंड वाढत नाही. ही ओळ फार महत्त्वाची आहे, तिला वेगळी खूण करा. उलट कपात वेतनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर वरचा भाग त्याने स्वतःहून वाढवून घेतलेला आहे. आपोआप साठणारा पैसा आणि ठरवून टाकलेला पैसा यांतला फरक आपल्या नोंदींत इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

फंड मधेच काढला असेल तर कळते का?

पासबुकात कळतेच. पासबुक नसेल तर २६एएसमध्ये कलम १९२ए शोधा. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम काढली तर त्या कलमाखाली १० टक्के कर कापला जातो. आपल्यावर कर लागत नाही असे सांगणारा १५जी फॉर्म भरून दिला असेल तर कर कापला जात नाही. तशा नोंदींचा २६एएसमध्ये वेगळा भाग आहे, तो वाचायचा राहून जातो. लग्न, घर, आजारपण यांसाठी घेतलेली आगाऊ रक्कम फक्त पासबुकात.

पतसंस्थेतली वर्गणी आणि ठेव कुठे दिसते?

करनोंदींत बहुधा नाहीच, आणि आपल्याकडे ही मोठी उणीव आहे. शिक्षकांच्या किंवा कारखान्याच्या सेवक पतसंस्थेत दर महिन्याला पगारातून वर्गणी कापली जाते, भाग असतात, कायम ठेव असते, आणि निवृत्तीला ती रक्कम एकदम हातात येते. पण मोठ्या उलाढालीच्या संस्था सोडल्या तर सभासदाच्या ठेवीवरच्या व्याजावर टीडीएस होत नाही, त्यामुळे एआयएसमध्ये ओळ उमटत नाही. पगार स्लिपवर 'सोसायटी' या नावाने एकच आकडा असतो आणि त्यात वर्गणी किती, कर्जाचा हप्ता किती हे कळत नाही. पतसंस्थेची वार्षिक चिठ्ठी किंवा पासबुक मागा. ते मिळाले नाही तर सोसायटीचा आकडा बचतीत धरू नका आणि शून्यही लिहू नका. जागा रिकामी ठेवा.

घराची एकत्र बचत मोजता येईल का?

रिटर्नवरून नाही. आपल्याकडे नवरा-बायको वेगळे रिटर्न भरतात आणि त्यात जोडीदाराचा पॅन नसतो. दोघांची वेगवेगळी संमती घेऊन, दोघांना एकच कुटुंब क्रमांक द्या. नवऱ्याने बायकोच्या वतीने सही केलेली चालत नाही, ताईंनी स्वतः कागद वाचून सही करायला हवी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने तासगावची द्राक्षे किंवा सांगली बाजारातली हळद कागदावर फार थोडी दिसते. ज्या घरात पगार आणि बागायत दोन्ही आहे त्या घराबद्दल नुसत्या करनोंदींवर निष्कर्ष काढू नका.

लोक इतके खासगी कागद देतील का? आणि किती जणांचे हवेत?

सगळे देणार नाहीत. कामगाराला काका, दादा म्हणून आणि शिक्षकांना सर, बाई म्हणून आधी पूर्ण समजावून सांगा: पासवर्ड मागणार नाही, ओटीपी मागणार नाही, आयकर खात्याशी आमचा संबंध नाही. तिसरे वाक्य पहिल्या दोघांइतकेच आवश्यक आहे. कागद त्यांनी त्यांच्या मोबाइलवर उतरवायचे, आपण शेजारी बसून वाट दाखवायची. माणशी तास-दीड तास धरा. युनियनचे पदाधिकारी किंवा मुख्याध्यापक यांच्यामार्फत कागद गोळा करू नका. वरिष्ठाने मागितल्यावर दिलेली संमती ही संमती नव्हे.

योग्य रीतीने निवडलेल्या १०० जणांवरून टक्केवारी काढली तर ती साधारण १० अंक इकडे-तिकडे असू शकते, ३८५ जणांवरून ५ अंक. पण कागद देणारे लोक मुळात कागद सांभाळणारे असतात, आणि तेच जास्त बचतही करत असतील. नाही म्हणणाऱ्यांचे वय, नोकरीचा प्रकार आणि गाव एवढे, त्यांच्या परवानगीने, टिपून ठेवा.

प्रसिद्ध करताना काय पाळायचे?

दहापेक्षा कमी माणसांचा गट तक्त्यात दाखवू नका. तालुक्यात एकच कारखाना असेल आणि तुम्ही 'चीफ केमिस्ट, वय ५५ ते ५८' अशी ओळ छापली, तर नाव लिहायची गरजच उरत नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचा पगार सगळ्यांना माहीत झालेला असेल. कारखान्याचे, शाळेचे, गावाचे नाव काढा, सरासरीऐवजी मध्यक द्या, आणि रकमा हजारांत पूर्ण करा.

अभ्यास संपल्यावर फाइल्स कुठे ठेवायच्या?

उतरवून घेतलेले मूळ पीडीएफ जोडणी तपासून झाली की पुसा, रिसायकल बिनमधून आणि गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यातूनही. नाव आणि पॅन यांची फाइल तोंडी परीक्षेनंतर नष्ट करा आणि ती नष्ट झाल्याची तारीख नीतिसमितीच्या नोंदवहीत लिहा. क्रमांक काढलेली आकड्यांची फाइल विभागाकडे ठेवता येते, पण संमतिपत्रात तसे आधी लिहिलेले असेल तरच.